पारोळ्याचा किल्ला आणि नोंद नसलेल्या वास्तू

1

शहराचा इतिहास लिहिताना नष्ट झालेल्या वास्तूंची यादी देण्याची आपल्याकडे एक रीत आहे. पडलेला किल्ला, जळालेला वाडा, बुजलेली बारव, रस्तारुंदीत गेलेली वेस अशी ती यादी असते. तिच्या जोडीला कधी दुसरी यादी येते: ज्यांचे नकाशे काढले गेले, भूमिपूजने झाली, पण ज्या उभ्याच राहिल्या नाहीत अशा वास्तूंची. पहिली यादी वाचून वाचक हळहळतो, दुसरी वाचून शासनाला दोष देतो. दोन्ही प्रतिक्रिया प्रामाणिक असतात. परंतु ह्या दोन्ही याद्या कोणी केल्या, कोणत्या कागदांवरून केल्या आणि त्यांत कोण आले नाही, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न मी पारोळ्याच्या निमित्ताने विचारणार आहे. एखादी वास्तू हरवली असे म्हणण्यासाठी ती होती ह्याची कुठेतरी नोंद असावी लागते. ज्या समाजाच्या वास्तूंची नोंदच झाली नाही, त्याच्या वास्तू हरवल्या तरी कोणाचे काही गेले असे वाटत नाही. दलित समाजाच्या बाबतीत हे शेकडो वर्षे घडत आले आहे. आपल्याकडे बांधकामाचा इतिहास नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी हे पाहावे की आपल्या इतिहासाचे कागद कोणाच्या हाती होते.

2

पारोळा धुळ्याहून सुमारे 35 किलोमीटरवर, सुरत-नागपूर महामार्गावर आहे. गावाच्या मधोमध भुईकोट किल्ला आहे. बुरूज, तट आणि खंदक ह्यांचे अवशेष अजून उभे आहेत. तटाला लागून बाजार भरतो आणि खंदकाच्या काठाने माणसांची वर्दळ चाललेली असते. हा किल्ला 1727 साली जहागीरदार हरि सदाशिव दामोदर ह्यांनी बांधला, असे इंग्रजांच्या गॅझेटिअरात दिले आहे. पारोळा हे पूर्वी अवघ्या पन्नास घरांचे खेडे होते आणि ह्या जहागीरदारांनी त्याचे तटबंदीचे शहर केले, असेही तेथे म्हटले आहे. किल्ल्याभोवती खंदक होता, प्रवेशावर उचलून घेता येणारा पूल होता आणि दोन्ही बाजूंना मोठे बुरूज होते. 1857 च्या उठावात जहागीरदार इंग्रजांच्या विरोधात गेले असे ठरवून जहागीर जप्त झाली आणि 1859 मध्ये किल्ला मोडून टाकण्यात आला. त्याच गॅझेटिअरात पारोळ्याच्या बालाजी मंदिराला 35,000 रुपये खर्च आल्याची नोंद आहे.

ही सारी माहिती मोलाची आहे. मी ती वर्गात शिकवतो. पण तिची रचना पाहा. किल्ल्याला कर्ता आहे, साल आहे, शेवट आहे. मंदिराला किंमत आहे. गावाच्या आरंभाला मात्र फक्त एक संख्या आहे: पन्नास घरे. ही पन्नास घरे मोजणाऱ्याने वेशीच्या आतली मोजली की बाहेरचीही? गावगाड्यात महारवाडा, मांगवाडा, भिलाटी ही गावाच्या हिशेबात असत ती कामापुरती. घरांच्या मोजणीत ती धरली जातीलच असे नव्हते. 'गाव' आणि 'महारवाडा' हे दोन शब्द खानदेशात अगदी परवापरवापर्यंत वेगवेगळे वापरले जात होते. "गावात जाऊन येतो" असे महारवाड्यातला माणूस म्हणे, तेव्हा आपण गावात राहत नाही हे तो नकळत कबूल करीत असे.

विद्यार्थ्यांना घेऊन मी किल्ला पाहायला गेलो, तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, आपली माणसे ह्यात कुठे राहत होती?" ही मुलगी तिच्या घरातून महाविद्यालयात आलेली पहिली. माझ्या घरातून मी पहिला. त्यामुळे तिचा प्रश्न मला समजावून घ्यावा लागला नाही. मी तिला सांगितले की आपली माणसे ह्याच्या आत राहत नव्हती, पण ह्याच्या प्रत्येक दगडाला त्यांच्यासारख्यांचा हात लागलेला आहे.

ह्यात भावनेपेक्षा व्यवहार अधिक आहे. अठराव्या शतकात भुईकोट किल्ला कसा उभा राहत असे? दगड फोडायचा तो वडार आणि पाथरवटांनी. माती खणून खंदक काढायचा तो बेलदार-वडारांनी. विटा भाजायच्या कुंभारांनी. चुन्याच्या घाणीला बैल जुंपून चुना दिवसदिवस मळायचा. लाकूड जंगलातून आणायचे, आणि खानदेशात जंगलाची वाट भिल्लांना ठाऊक. ओझी वाहणे, सरपण आणि गवत पुरविणे, निरोप नेणे, रात्री जागणे ही कामे महारांकडे. पेशवाईच्या कागदपत्रांत किल्ल्यांच्या कामासाठी घेतलेल्या वेठबिगारीचे उल्लेख जागोजाग सापडतात. वेठ म्हणजे मजुरी न देता घेतलेले काम. मजुरी दिली असती तर हिशेबाच्या वहीत निदान नाव तरी आले असते. वेठीला ना वही, ना नाव.

किल्ला उभा राहिल्यावर त्याची आणि गावाची राखण होती. गावकुसाच्या वेशीवर वेसकर बसे. संध्याकाळी दार लावणे, आलागेला पाहणे, चोरीचा माग काढणे, कुसाची पडझड झाली तर डागडुजीला हात लावणे हे त्याचे काम. ज्या भिंतीची तो राखण करी त्या भिंतीच्या आत त्याला घर नव्हते. एखाद्या वास्तूचा इतिहास लिहिताना ती बांधविणारा एवढाच माणूस धरायचा, की बांधणारा आणि राखणाराही धरायचा, हे ठरविल्याशिवाय त्या वास्तूच्या नाशाबद्दल बोलता येत नाही.

1855 साली 'ज्ञानोदय' नियतकालिकात मुक्ता साळवे हिचा निबंध छापून आला. मांग समाजातली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, चौदा वर्षांची ही मुलगी. मांग-महारांना त्यांच्या जमिनींवरून हुसकावून तेथे मोठमोठ्या इमारती बांधल्या गेल्या, आणि त्या इमारतींच्या पायात मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून पुरण्यात येई, असे तिने त्यात लिहिले आहे. पारोळ्याच्या किल्ल्याबद्दल तिने काही म्हटलेले नाही, आणि ही गोष्ट ह्या किल्ल्याला चिकटवण्याचा माझा हेतू नाही. मुद्दा असा की महाराष्ट्रातल्या वास्तुकलेकडे खालून पाहणारा इतका जुना, इतका स्पष्ट आवाज आपल्याजवळ आहे. किल्ले आणि वाडे ह्यांचे वर्णन करणाऱ्या ग्रंथांनी त्या आवाजाला साधन म्हणून वापरलेले नाही. चौदा वर्षांच्या मुलीने इमारतीचा पाया पाहिला. विद्वानांनी नक्षी पाहिली.

कारागिराचे नाव दगडावर येऊच शकत नव्हते, काळच तसा होता, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर खानदेशाच्या सीमेवरच आहे. चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातली ही लेणी. तेथे सापडलेल्या यक्षमूर्तीच्या तळहातावर ती घडविणाऱ्याचे नाव कोरलेले आहे: कण्हदास, सोनार. लेण्यांतले इतर लेख पैठणच्या एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे आणि एका वैद्याच्या घराण्याचे दान नोंदवतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी ह्याच परिसरात हाताने काम करणाऱ्या माणसाला आपले नाव दगडावर ठेवता येत होते. त्यानंतर सतराशे-अठराशे वर्षांनी उभ्या राहिलेल्या किल्ल्याच्या नोंदीत फक्त जहागीरदार उरतो. मधल्या काळात काय हरवले ह्याचा शोध घेणे हे वास्तूंच्या पडझडीपेक्षा मोठे काम आहे. पितळखोऱ्याच्या लेण्यांचे दर्शनी भाग ढासळले आहेत. पण कण्हदास उरला आहे.

3

पारोळ्याच्या किल्ल्याला आणखी एक वलय आहे. झाशीच्या नेवाळकर घराण्याशी पारोळ्याचा संबंध सांगितला जातो आणि राणी लक्ष्मीबाईंचे नाव येथे अभिमानाने घेतले जाते. इंग्रजांनी किल्ला मोडला ही घटना त्यामुळे राष्ट्रीय दुःखात जमा होते. परकीय सत्तेने सूड म्हणून किल्ला मोडला हे खरे आहे, आणि त्याचा निषेध आपणही करतो. मात्र झाशीचे नाव घेताना झलकारीबाई आठवत नसेल तर ते स्मरण अर्धवट आहे. कोरी ह्या अस्पृश्य मानलेल्या जातीतली ही स्त्री झाशीच्या लढ्यात उतरली, अशी तिकडच्या दलितांची पिढ्यान्‌पिढ्यांची स्मृती आहे. तिचे टपाल तिकीट निघाले ते 22 जुलै 2001 रोजी. राणीचा पराक्रम शाळेच्या पुस्तकात आला तेव्हापासून ह्या तिकिटापर्यंत किती पिढ्या शिकून बाहेर पडल्या, ते मोजून पाहावे.

किल्ला 1859 मध्ये मोडला, पूल गेला, खंदक निकामी झाला. मग गावकुसाबाहेरच्यांना गावकुसाच्या आत वाट मिळाली का? हा प्रश्न आपल्या दृष्टीने निर्णायक आहे. दगडाची भिंत सुरुंगाने पडते. दुसरी भिंत तशी पडत नाही. 1864 साली पारोळ्याला नगरपालिका स्थापन झाली. किल्ला मोडल्यानंतर पाच वर्षांत शहराचा कारभार नव्या पद्धतीने सुरू झाला: रस्ते, दिवाबत्ती, दवाखाना, शाळा. गॅझेटिअरांत दवाखान्याची, शाळांची, मुलींच्या शाळेची नोंद येऊ लागली. परंतु सार्वजनिक पैशाने बांधलेली विहीर, धर्मशाळा, शाळा ही अस्पृश्यांनाही खुली आहे, असा ठराव मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले ह्यांनी मंजूर करून घेतला तो 4 ऑगस्ट 1923 रोजी. नगरपालिका आली तेव्हापासून जवळजवळ साठ वर्षांनी! आणि ठराव झाला म्हणून पाणी मिळाले असेही नाही. ज्या संस्था हा ठराव पाळणार नाहीत त्यांचे अनुदान थांबवावे, असा दुसरा ठराव बोल्यांना 1926 मध्ये आणावा लागला. महाडच्या नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले केले ते कागदावर. त्या कागदाला अर्थ यावा म्हणून 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन तळ्यावर जावे लागले.

'न बांधलेल्या वास्तू' ह्या शब्दांचा आपल्यासाठी अर्थ काय, तो येथे कळतो. इतरांच्या यादीत न बांधलेला राजवाडा असतो, न झालेले नाट्यगृह असते. आपल्या यादीत न खणलेली विहीर असते. बांधलेली पण आपल्यासाठी बंद असलेली धर्मशाळा असते. ती आपल्यापुरती न बांधलेलीच. वऱ्हांड्याबाहेर बसून शिकावे लागलेल्या मुलासाठी शाळेची खोली बांधलेली नव्हती. ह्या वास्तूंचे नकाशे कोणत्याही दप्तरात मिळणार नाहीत, कारण ते कोणी काढलेच नव्हते.

4

बाबासाहेबांचा खानदेशाशी आलेला संबंध ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी ह्यांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी स्टार्ट ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते. त्या कामासाठी 1929 साली ते खानदेशात आले. धुळ्याच्या रेल्वेमार्गावरच्या एका गावी अस्पृश्यांवर घातलेल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. 23 ऑक्टोबरचा तो दिवस. तेथल्या महारवाड्यातल्या लोकांनी रात्री मुक्कामाचा आग्रह केला होता. स्टेशनवर टांगे उभे होते, तरी तासभर कोणी हलेना. अखेर एक टांगा आला. तो चालविणाऱ्याला चालविण्याची सवय नव्हती. महारवाड्याच्या वाटेवर नदी होती आणि नदीवर फरशीचा बिनकठड्याचा पूल होता; कडेला फक्त अंतराअंतरावर दगड बसवलेले. तेथे घोडा उधळला, चाक दगडावर आदळले आणि बाबासाहेब फरशीवर फेकले गेले. घोडा आणि टांगा नदीत पडले. त्यांच्या पायाचे हाड मोडले.

नंतर त्यांना कळले की एकही टांगेवाला अस्पृश्याचा टांगा हाकायला तयार नव्हता. पाहुण्याला पायी न्यायचे हे महारांना पटेना. मग तडजोड झाली: टांगा भाड्याने द्यायचा, हाकणारा त्यांनी आपला आणायचा. ही हकिकत बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आपल्या लेखनात सांगितली आहे. आपण ती अस्पृश्यतेच्या क्रूरपणाचे उदाहरण म्हणून वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण तिच्यात चाळीसगावचा नकाशाही आहे. स्टेशन, रस्ता, नदी, बिनकठड्याचा पूल आणि पलीकडच्या काठावर महारवाडा. वस्ती नदीपलीकडे ढकललेली. परदेशी विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला, सरकारी समितीचा सदस्य असलेला माणूस जेव्हा आपल्या लोकांच्या घरी जाऊ पाहतो, तेव्हा त्या वाटेवर त्याचा पाय मोडतो. चाळीसगावच्या ऐतिहासिक वास्तूंची यादी करणाऱ्याने ह्या पुलाची जागा पहिल्या पाचांत धरली पाहिजे.

त्याच्या उलट धुळ्याजवळच्या लळिंगचे उदाहरण घ्या. लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला नावाची सरकारी विश्रामाची जागा आहे. 1937 साली न्यायालयातल्या कामासाठी बाबासाहेब धुळ्याला आले असता त्यांचा मुक्काम ह्या बंगल्यात झाला. दरवर्षी 31 जुलैला तेथे माणसे जमतात. खानदेशातून, शेजारच्या जिल्ह्यांतून, लेकराबाळांसह, पावसात, चिखलात. शिल्पकलेच्या दृष्टीने त्या बंगल्यात विशेष काही नाही. शेजारच्या डोंगरावर लळिंगचा किल्ला आहे. इतिहासप्रेमी तिकडे जातात. आपली माणसे बंगल्याकडे वळतात. कोणती वास्तू ऐतिहासिक हे पुरातत्त्व खात्याच्या फलकाशिवायही ठरते, लोक आपल्या पायांनी ते ठरवतात, हे ह्या बंगल्याने सिद्ध केले आहे. पारोळ्यातल्या आमच्या विद्यार्थ्यांना तट-बुरूज दाखवणाऱ्या शिक्षकाने त्यांना एकदा 31 जुलैला लळिंगलाही न्यावे.

5

आपल्या चळवळीतल्या पुष्कळशा थोर वास्तू टिकाऊ नव्हत्याच. त्या मंडप होत्या. महाडला डिसेंबर 1927 मध्ये परिषद भरवायची तर कोणी जागा देईना. फत्तेखान ह्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली तेव्हा मंडप उभा राहिला. 25 डिसेंबरला त्याच मंडपाजवळ मनुस्मृती जाळली गेली. बांबू, दोर, कनाती, चार दिवसांनी सारे मोकळे. आधुनिक भारताच्या इतिहासातली ही एक महत्त्वाची वास्तू. वास्तुशास्त्राच्या पुस्तकात तिला जागा नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षेचा व्यासपीठही असाच तात्पुरता होता. त्या जागेवरचा पक्का स्तूप पूर्ण होऊन राष्ट्रपती के. आर. नारायणन ह्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले ते 18 डिसेंबर 2001 रोजी. मध्ये पंचेचाळीस वर्षे गेली. त्या पंचेचाळीस वर्षांत विटा-सिमेंट नव्हते, पण दरवर्षी लाखो माणसे येत होती. वास्तू नसताना स्मारक कसे टिकते ह्याचे इतके मोठे उदाहरण अन्यत्र शोधूनही सापडायचे नाही.

म्हणूनच बांधकामाचा प्रत्येक प्रस्ताव म्हणजे प्रगती, असे आपण मानू नये. दीक्षाभूमीवर जमिनीखाली वाहनतळ खोदण्याचे काम सुरू झाले तेव्हा स्तूपाला धोका पोहोचेल ह्या भीतीने 1 जुलै 2024 रोजी लोक तेथे उतरले, आणि ते काम थांबविण्याची घोषणा सरकारला त्याच दिवशी करावी लागली. न बांधलेल्या वास्तूंच्या यादीत हाही एक प्रकल्प जमा झाला. त्याची हळहळ कोणालाही नाही.

दुसरीकडे, ज्या पक्क्या वास्तू आपण मिळविल्या त्या आपण राखल्या का? मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये 9 मार्च 1924 रोजी बाबासाहेबांनी बोलावलेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेचा जन्म झाला. ते नाट्यगृह नोव्हेंबर 2023 मध्ये बंद झाले आणि पुनर्बांधणीसाठी पाडले गेले. दादरचे आंबेडकर भवन आणि तेथला बुद्धभूषण छापखाना, जेथे चळवळीची पत्रे छापली गेली, तो 25 जून 2016 च्या पहाटे पाडण्यात आला. त्या जागी 17 मजली इमारत उभारण्याचा बेत सांगितला गेला. जुने गेले आणि नवे कागदावर, अशी दोन्ही याद्यांची गाठ एकाच भूखंडावर पडली. 19 जुलैला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. ह्या घटनेतली बोचणारी गोष्ट अशी की हातोडा बाहेरच्या शत्रूने चालवलेला नव्हता. ज्या विश्वस्त संस्थेकडे ती वास्तू सोपवलेली होती, तिच्यातूनच हा निर्णय आला. जुनी इमारत धोकादायक होती असे त्यांचे म्हणणे होते. असेलही. पण ज्या यंत्रावर आपला विचार छापला गेला ते यंत्र आणि ती खोली म्हणजे आपला पितळखोऱ्याचा शिलालेख आहे, ही जाणीव तेथे दिसली नाही.

पुण्याच्या भिडे वाड्याची गोष्ट ह्याहून वेगळी नाही. जोतीराव-सावित्रीबाईंनी 1848 साली मुलींची शाळा काढली तो हा वाडा. वर्षानुवर्षे तो न्यायालयीन वादात कुजत राहिला. डिसेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय स्मारक बांधण्यासाठी तो पाडण्यात आला आणि 29 सप्टेंबर 2024 रोजी स्मारकाचे भूमिपूजन झाले. स्मारक हवे ह्यात शंका नाही. परंतु जी वास्तू स्मरणाचे कारण तीच पाडून स्मारक बांधण्याची वेळ यावी, इतकी वर्षे आपण सगळे काय करीत होतो? दादरच्या इंदू मिलच्या साडेबारा एकर जागेवरच्या स्मारकाचे भूमिपूजन 11 ऑक्टोबर 2015 रोजी झाले. त्यानंतर मुदतीमागून मुदती गेल्या. भूमिपूजनाचा दिवस सरकारला लक्षात राहतो, कारण त्या दिवशी भाषण असते. काम पुढे रेटायचे ते दिवस भाषणाचे नसतात.

मोठ्या शहरांतल्या ह्या घटनांचा पारोळ्याशी संबंध काय, असे वाटेल. संबंध असा की मुंबई-पुण्यातल्या वास्तू पडल्या तेव्हा निदान वर्तमानपत्रांत आल्या. तालुक्याच्या गावी काय पडते ते तेथल्या माणसाने लिहिले नाही तर कोणीच लिहीत नाही.

6

म्हणून कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक ह्यांच्यापुढे मी एक साधे काम ठेवतो. प्रत्येक तालुक्याच्या गावी आपल्या वास्तूंची नोंदवही करावी. तीन भाग पुरेत. पहिल्यात ज्या होत्या आणि गेल्या त्या: जुना महारवाडा व मांगवाडा ह्यांच्या सीमा, वस्तीतली चावडी, वेगळी विहीर, वेसकराची जागा, पहिला बुद्धविहार, पहिल्यांदा निळा झेंडा लागला तो ओटा, परिषदा-सभा झाल्या ती मैदाने. दुसऱ्यात ज्या आहेत पण मोडकळीला आल्या त्या. तिसऱ्यात ज्या मागितल्या आणि मिळाल्या नाहीत त्या: वसतिगृह, वाचनालय, अभ्यासिका, स्मशानभूमीचा रस्ता. प्रत्येक नोंदीपुढे जागा, बांधणीचे साहित्य, कोणी बांधली, कधी पडली, आता तेथे काय आहे आणि हे कोणी सांगितले, एवढे लिहावे.

साधने नाहीत ही तक्रार मी ऐकून घेणार नाही. भूमापन कार्यालयात नगरभूमापनाचे नकाशे असतात. नगरपालिकेची जुनी इतिवृत्ते असतात. 1923 चा बोले ठराव आल्यानंतर सभेत कोण काय बोलले, हे त्यांतूनच काढायचे आहे. शाळांच्या जनरल रजिस्टरात पहिल्या दलित मुलाचे, पहिल्या दलित मुलीचे साल असते. महार वतने 1958 च्या कायद्याने रद्द झाली. त्या वतनजमिनींचे कागद महसूल दप्तरात आहेत आणि वेशीवरच्या कामाचा मोबदला काय होता ते त्यांत दिसते. आणि सर्वांत मोठे दप्तर म्हणजे ऐंशी वर्षांची म्हातारी. ती अहिराणीत सांगेल तसेच उतरवून घ्यावे. प्रमाणभाषेत आणण्याची घाई करू नये. नकाशाला जे माहीत नाही, पाणी कोणत्या वेळी मिळे, रस्ता कोणत्या बाजूने सोडावा लागे, हे तिला माहीत आहे.

ह्या कामाला घाईचे एक कारण आहे. डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा ही नावे जाऊन समतानगर, भीमनगर अशी नावे यावीत हे योग्यच आहे. ज्या नावाने अपमान केला ते नाव रोज पत्त्यावर लिहायचे कारण नाही. पण पाटीवरून पुसलेले नाव इतिहासातूनही पुसले गेले, तर उद्याच्या मुलाला गावाचा नकाशा पाहून वाटेल की सगळे पहिल्यापासून समतानगरातच राहत होते. पाटी बदलावी, नोंदवहीत जुने नाव, जुनी सीमा आणि बदलाची तारीख राहावी.

2027 ह्या वर्षाच्या पोटात दोन तारखा आहेत. गॅझेटिअरने दिलेले 1727 हे साल धरले तर पारोळ्याच्या किल्ल्याला त्या वर्षी तीनशे वर्षे पुरी होतात, आणि महाडच्या सत्याग्रहाला शंभर. किल्ल्याचा उत्सव करणारे करतील; त्यात आपणही जावे, तो तट आपल्याही पूर्वजांच्या घामाचा आहे आणि त्याची पडझड थांबली पाहिजे. पण त्याआधी वेशीबाहेरच्या पारोळ्याची नोंदवही पुरी झालेली असावी. तीनशे वर्षांच्या भाषणात पन्नास घरांचा उल्लेख येईल, तेव्हा आपल्या विद्यार्थ्याने उठून बाकीच्या घरांची यादी वाचून दाखवावी.